आंब्यातून गळणारा अंगारा

घाटकोपरला आमच्या चाळीमागच्या आंब्यातून अंगारा गळू लागला आणि दर गुरुवारी तिथे जत्रा भरू लागली. खोडातून आपोआप भुकटी पडायची आणि चंद्रप्रकाशबाबा ती केळीच्या पानावर झेलून पुड्या बांधायचे. "बाळांनो, शंभर यज्ञांची राख या झाडाच्या पोटात आहे." राख तांबूस आणि ओलसर कशी, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

माझा दवाखाना समोरच. मी हसून सोडून दिलं असतं, पण गिरणीतल्या दशरथने बायकोची क्षयाची इंजेक्शनं बंद केली. शेवंतीला चांगला उतार पडत होता. आता ती दोन्ही वेळा भुकटी पाण्यातून घेत होती.

"दशरथ, गावाला तुमचे आंबे आहेत ना? खोडातून भुसा आला तर काय करता?"

"भिरूड लागली म्हणतंव. तार घालून अळी भायर काढतंव."

"मग हे काय आहे?"

"गावचो आंबो येगळो, डाक्टर. ह्यो देवाचो."

मला संताप आला. गुरुवारी भर गर्दीत मी सायकलच्या चाकाची तार टोकाला वाकवून भोकात घातली आणि ओढली. बोटाएवढी पांढरी अळी वळवळत बाहेर आली.

"ही आतून लाकूड पोखरते आणि भुसा, विष्ठा बाहेर ढकलते. तोच तुमचा अंगारा."

बाबांनी अळी तळहातावर घेऊन डोळे मिटले. "शेषाचं बाळ आहे. डॉक्टरांच्या हातून दर्शन झालं." गर्दीने हात जोडले. एक म्हातारी माझ्याही पाया पडली.

मी दशरथला बाजूला घेतलं. "ओळखलीस ना रे अळी?"

"वळाखलंय." तो खाली बघत राहिला. "माझो सख्खो भाव हीच इंजेक्शनां घेऊन मेलो, डाक्टर. ह्येका भिरूड म्हटलंय, तर शेवंतीसाठी माझ्याकडे काय रवला?"

अळी गेली, तसा भुसा थांबला. बाबा दुसरं झाड शोधायला चेंबूरला गेले. इंजेक्शनं मात्र पुन्हा सुरू झाली नाहीत. मी रोज खोलीवर जायचो, दशरथ दारातूनच परत पाठवायचा. चैत्रात शेवंती गेली. स्मशानातून परतताना तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही अळी काढलास, म्हणान अंगारो आटलो. नायतर ती वाचली असती."

वाचकहो, अळी काढली की भुसा थांबतो, याहून सरळ पुरावा मी कुठून आणू? झाडाची कीड झाडातून काढा आणि माणसाचं औषध अर्ध्यावर सोडू नका. कोणी ऐकेल असं वाटत नाही. तरी लिहितो.