अंकल, वारा आणि मी

मित्रांनो, मला हरणी म्हणू नका. मी हरणीची थाप आहे. जाड कापडावर छापलेली, आत पोलादी कडं, खाली दोन काठ्या. समोरून बघाल तर चरणारी मादी, कडेने बघाल तर दोरीवर वाळत घातलेली चादर.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे एल्क नावाचं हरीण असतं, आपल्या सांबराचा थोराड भाऊच म्हणा. माझा पहिला मालक त्याची शिकार करायचा. मला तो आपल्या मागे वीस पावलांवर उभी करायचा आणि तोंडाने मादीचा आवाज काढायचा. नर नुसत्या आवाजाला भुलत नाही. तिथे कोणीतरी दिसावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. माझ्याकडे येता येता तो बाणासमोरून जायचा. सात वर्षांत चार नर माझ्याकडे बघत मेले. मालक माझी पाठ थोपटायचा. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पण खरं ते सांगते. तो मारेकरी होता, अडाणी नव्हता. मला रोवण्याआधी तो खिशातली छोटी बाटली दाबायचा. तिच्यातून पांढरी पूड उडायची आणि वारा कुठे वाहतोय ते दिसायचं. कारण नर डोळ्यांवर विसंबत नाही. तो वळसा घालतो, वारा माझ्यावरून जिकडे जातो तिकडे उभा राहतो आणि आधी माझा वास घेतो. तो कुठून येणार, हे बाटली आधीच सांगायची.

मालक थकला. त्याने मला बाटलीसकट विकलं ते धम्मानंदला. हा नागपूरचा, सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, सांबरांवर काम करणारा. हो, सिंगापुरातही सांबरं आहेत. जंगल मूठभर, रस्ते ढीगभर, त्यात जीव मुठीत धरून राहतात. नर कॅमेऱ्यासमोर थांबत नाहीत, ही त्याची अडचण. माझ्या शेपटीभोवतीचा, एल्कची खूण असलेला पिवळट डाग त्याने तपकिरी रंगाने बुजवला आणि माझी सांबरीण केली.

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोने, सरिताने, माझी पिशवी उघडली तेव्हा बाटली घरंगळत बाहेर आली. हे काय, म्हणून तिने विचारलं.

"शिकाऱ्यांचं असतं ते, वारा बघायला. टाकून दे," धम्मानंद म्हणाला. "आपल्याला कुठे कोणाला मारायचंय?"

दर रविवारी पंचशील म्हणणारं घर ते. तो मनापासूनच बोलला. सरिता मात्र काही टाकणाऱ्यांतली नव्हती. तिने बाटली माझ्याच पिशवीच्या कप्प्यात कोंबली.

त्यांची आठ वर्षांची हर्षा मला निरखत होती. कॅमेऱ्यात एकदा ओझरत्या दिसलेल्या फाटक्या कानाच्या नराला तिने 'अंकल' नाव ठेवलं होतं. इथे प्रत्येक वयस्क माणूस अंकलच.

"अंकल विल थिंक शी इज रियल," ती तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "दॅट्स चीटिंग लाह, बाबा."

"फोटोपुरतं गं."

रीतसर परवानगी घेऊन एका संध्याकाळी त्याने मला जंगलाच्या कडेला उभं केलं. पुढे झुडपात कॅमेऱ्यापाशी तो. वीस पावलं मागे मी, इतपत त्याने वाचलं होतं. माझ्या मागे झाडांची एक रांग, आणि तिच्यामागे ऑफिसं सुटलेला रस्ता. वारा जंगलाकडून येत होता आणि माझ्यावरून थेट रस्त्याकडे जात होता.

मला कळत होतं, मित्रांनो. बाटली माझ्या पायाशीच, पिशवीच्या कप्प्यात पडली होती. तोंडही आहे मला, पण छापलेलं.

अंकल आला. सत्तर पावलांवर थांबला, फाटका कान हलवून माझ्याकडे बघत राहिला. मग बाजूला वळला. गेला वाटतं, म्हणून धम्मानंदने कपाळाला हात लावला. तो गेला नव्हता. वळसा घालत होता. माझ्या मागे, झाडांत, तिथून पुढे. मी हरणी आहे की नाही हे वाऱ्याला विचारायला तो डांबरावर उतरला.

ब्रेक कर्कश वाजले. पाठोपाठ एक बोजड आवाज. मागे वळून बघायलासुद्धा मला मान नाही.

लॉरीवाल्याचा दोष नव्हता. तो बिचारा एकच विचारत राहिला, "व्हाय ही कम हिअर?" वन्यजीव पथकाची माणसं येईपर्यंत धम्मानंद अंकलशेजारी बसून होता. मग मला गुंडाळायला आला आणि पिशवीच्या कप्प्यात त्याच्या हाताला बाटली लागली. त्याने ती दाबली. पांढरी पूड माझ्यावरून, झाडांवरून, सरळ रस्त्यावर गेली. बाटली रिकामी होईपर्यंत तो दाबत राहिला.

आता मी कपाटामागे आहे. रविवारी पंचशीलाचे स्वर ऐकू येतात. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी हर्षाचा आवाज थांबतो. तिला कोणी पुढे म्हणायला लावत नाही.

मित्रांनो, तुम्ही मारणारे नाही, मान्य. पण मारणाऱ्याला जे ठाऊक होतं ते शिकून घेतलं असतं तर कोणतं पाप लागलं असतं? मुक्या जिवाला हाक मारायची असेल, तर तो कोणत्या वाटेने येईल ते आधी बघा. तेवढी तसदी घ्यायची नसेल, तर मला इथेच घडी घालून राहू द्या. माझा रंग अजून उडालेला नाही. अजूनही मी लांबून अगदी खरी दिसते.