पडद्यामागचा राजपुत्र

आत्या रोज सकाळी माजा डावा हात बांधायची. जुन्या लुगड्याची पट्टी, बोटांपासनं मनगटापत्तुर, वर घट्ट गाठ. भाकरी थापायच्या टायमाला तेवढी सोडायची, कारन एका हातानं भाकरी व्हत न्हाई. शेवटची भाकरी तव्यावरनं उतरली की परत बांधायची.

"तुळशीचं लगीन झालं की आंदर मावळातली मान्सं बघाया येनार हायेत," ती म्हनायची. "डाव्या हातानं पानी दिलंस तर तांब्या तितंच ठिवून निगून जातील."

"जाऊ दे की. तांब्या तर ऱ्हाईल."

असं बोलले की पाठीत धपाटा. आई मला आठवत बी न्हाई, नंदाआत्यानंच वाढवलं, म्हनून हात पुढं करायची. पन रात्री पट्टी सुटली की बोटं पांढरी पडलेली असायची आन् मला कुनाला तरी चावावंसं वाटायचं.

शाळा बी ह्या हातापायीच सुटली. मी डाव्या हातानं ल्ह्यायची तर अक्षरं उजवीकडनं डावीकडं पळायची, आरशात दिसत्यात तशी. मला ती सरळच वाटायची. मास्तर पट्टीनं बोटं सडकायचा. एक दिस मी पाटी त्येच्या पायावर सोडली, कोपरा फुटलेली तीच उचलून घरी आले. परत गेले न्हाई.

आमच्या घरात शिकला तो दत्तूदादा. पुन्यात बोर्डिंगात ऱ्हातो, कालिजात जातो, आन् आता 'हाय' म्हनायचं सोडून 'आहे' म्हनतो. दिवाळीच्या सुट्टीत मळवलीला उतरला की अभ्यासाचं कुनी इचारायच्या आत पडद्यावरची हलती चित्रं सांगाया बसतो. खळ्यावर पेंढ्यात बसायचं आन् सगळी सोंगं त्येनंच करायची. घोडा बी तोच, घोड्यावरचा बी तोच.

"आम्ही बोर्डिंगातले चौघे अगदी पुढच्या बाकावर," तो सांगायचा. "पडदा नाकासमोर. माना अशा मागं टाकून बघायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात चौघांच्या माना अवघडलेल्या! प्रोफेसर म्हणायचे, काल कोण कुठं होतं ते मला मानेवरून कळतं."

"मंग?"

"मग काय, एका सोमवारी प्रोफेसरच मान वाकडी करून आले."

आत्या पदर तोंडाला लावून हसायची. दादाचं सगळ्यात आवडतं चित्र म्हंजे धनगराच्या घरी वाढलेल्या राजपुत्राचं. तो मोठा झाल्यावर एकटाच गड जिंकून घेतो. दादानं ते इतक्यांदा बघितलं व्हतं की पेटीवाला कुटं दम खातो ते बी त्येला ठावं व्हतं.

आन् तेच चित्र त्या दिवाळीला लोनावळ्यात तंबूत आलं.

आमी शेजारच्या विठाबाईच्या गाडीतनं गेलो. मी, आत्या, विठाबाई गाडीत, दादा बैलांच्या पुढं चालत, जनू चित्र त्येनंच काडलंय. तंबूत पडदा मधोमध टांगलेला. पुढच्या अंगाला गडी, पेटी-तबला, आन् यंत्र. बायकांना मागल्या अंगाला बसवलं. तंबूवाला कादरभाई बादली घेऊन आला आन् मगानं पडद्यावर पानी मारलं. सगळा पडदा निथळाया लागला.

"पडद्याला आंघुळ कशापायी?" विठाबाईनं इचारलं.

"ओला झाला की उजेड आरपार येतो, मावशी," कादरभाई म्हनाला. "न्हाईतर तुमाला नुसता अंधार दिसंल."

चित्र मुकं. मधीच पाटी यायची, त्यावर बोलनं ल्ह्यलेलं. पुढं एक मानूस ते मोठ्यानं वाचायचा, पन पेटी-तबल्यात त्येचा आवाज बुडून जायचा. मागं काय बी पोचंना.

"काय म्हनतीय गं ती राजाची बाई?" आत्यानं मला डिवचलं.

मी पाटी बघितली. "म्हनतीय, बाळाला टोपलीत घाल आन् रानात सोड."

"अगं माजे बाई!" विठाबाई रडायलाच लागली. मंग बायका सरकत सरकत माज्याभवती आल्या. पाटी आली की मी वाचायची, मोठ्यानं. दुष्ट सरदाराची पाटी तर मी अशी वाचली की एकीनं त्येच्याकडं चप्पल उगारली.

आन् मंग राजपुत्र मोठा होऊन आला. धनगराची काठी टाकली, तलवार उपसली.

डाव्या हातानं.

मी आत्याचा दंड धरला. "आत्या. बघ. आत्या, डाव्या हातानं!"

आत्यानं मान पुढं काडली. तो डाव्या हातानं लढला, डाव्या हातानं लगाम ओढला. शेवटाला गादीवर बसून डाव्या हातानं म्हाताऱ्या धनगरनीला पानी पाजलं तवा आत्याच्या डोळ्यातनं पानी गळत व्हतं. परतीच्या वाटंला, गाडी कुसगावाच्या अलीकडं असताना, अंधारात तिनं माजा हात आपल्या मांडीवर घेतला आन् गाठ सोडली.

"राजाचं पोर डावरं आसू शकतंय," ती विठाबाईला म्हनली, "तर आमचं का न्हाई?"

मला वाटलं, गाडीतनं उडी मारावी आन् बैलांच्या पुढं पळावं.

पन गाडीपुढं चालला व्हता दादा. "कोण डावरं?" तो वळला.

"तुजा राजपुत्र."

दादा जो हसाया लागला! "अगं सरे, तो उजवा आहे. तुम्ही मागून बघितलंत. मागून सगळं उलटं दिसतं."

"उलटं तुजं टकुरं. मी डोळ्यानं बघितलं."

"मी इतक्यांदा बघितलंय..."

"मान वाकडी करून बघितलंस, म्हनून!" माजा राग म्हंजे दूध, उतू गेल्यावरच कळतंय. "उद्या मी पुढं बसून बघते. उजवा निगाला तर ही पट्टी मी सोता बांधीन आन् लगीन व्हस्तवर सोडनार न्हाई. आत्या, तू साक्षी!"

पट्टी माज्या हातात व्हती. मी ती कमरंला खोवली.

दुसऱ्या दिशी आत्याला आन् विठाबाईला तसं बी परत बघायचंच व्हतं. त्या मागं गेल्या. दादानं मला त्येची टोपी घातली, वरनं घोंगडी गुंडाळली आन् पुढच्या गड्यांत नेऊन बसवलं.

"ह्यो कोन?" शेजारच्यानं इचारलं.

"धाकटा भाऊ. हिवताप आहे त्याला," दादा म्हनाला. शेजारचा लांब सरकला.

चित्र लागलं. टोपली, रान, धनगर. मी पाट्या बघितल्याच न्हाईत, मला नुसता त्यो हात बघायचा व्हता. राजपुत्र आला. काठी टाकली. तलवार उपसली.

उजव्या हातानं.

शिट्ट्या वाजल्या, पैसं उडालं. तो परत परत उजव्या हातानंच वार करत व्हता, जनू मला चिडवतोय. मी कमरंची पट्टी काडली आन् घोंगडीच्या आत डावा हात गुंडाळाया लागले. गाठ दातानं ओढली.

दादाला दिसलं. "अगं, राहू दे. मी गंमत केली."

"बोलले ते बोलले."

"सरे, ऐक..."

तेवढ्यात पडद्याच्या मागनं आरडा झाला. पयल्यांदा एकटी विठाबाई. "सरेऽ! कुटं मेलीस गं? पाटी आली, काय ल्ह्यलंय?" मंग चार-पाच जनी. मंग सगळ्याच. पेटीवाल्याचं बोट चुकलं. रीळ संपलं, दिवा लागला, आन् कादरभाई बादली तशीच टाकून मागं पळाला. त्येचा आवाज पडद्यातनं येत व्हता.

"मावशी, कालच्याला तर गप बसला व्हता तुमी!"

"काल वाचाया पोरगी व्हती! आज आमाला काय बी कळंना. वाचनारा मानूस द्या!"

"हितनं कोन वाचनार? हितनं अक्षर उलटं दिसतंय! मला सुदिक येत न्हाई!"

दादानं माज्याकडं बघितलं. "काल कोणी वाचलं?"

"मी."

"मागून? पाटी उलटी असताना?"

"उलटी कुटं व्हती? सरळ तर व्हती."

दादा ताडकन उठला. मंग त्येनं माज्या डोक्यावरची टोपी काडली, दंडाला धरून उठवलं आन् गड्यांच्या पायावरनं, तबलजीच्या मागनं, वल्या पडद्याच्या कडंनं मला मागल्या अंगाला नेलं. जाताना मोठ्यानं सांगत व्हता, "सरका, सरका, वाचनारी आली!" 'वाचणारी' म्हनाया बी इसरला.

"आली गं बाई!" विठाबाईनं मला खाली ओढलं. दिवा इझला. पाटी आली. कालच्यासारकीच, सरळ. मी बोट दाखवून वाचाया लागले, तर बांधलेला हात मधी आला.

"ते गठुडं खाली घे, दिसंना!" मागनं कुनी तरी वराडलं.

आत्यानं माजा हात धरला. "ह्ये कुनी बांधलं?"

"मी. पैज हरले, आत्या. तो उजवा हाय. मी पुढनं बघितलं."

आत्यानं पडद्याकडं बघितलं. राजपुत्र गडाच्या पायऱ्या चढत व्हता, तलवार डाव्या हातात.

"ह्यो काय, डाव्यानंच लढतोय."

"पन तिकडनं..."

"आपन कुटं तिकडं बसलोय?" आत्या म्हनली आन् गाठीला दात लावला. मी दातानंच ओढलेली, लवकर सुटंना. सुटली तवा तिनं ती पट्टी विठाबाईला दिली. "घे, डोळं पूस. तुजं काल बी असंच वलं झालं व्हतं."

"आन् आंदर मावळातली मान्सं?" मी इचारलं.

"येतील तवा सांगू, पोरगी डावरी हाय. आन् वाचती. दोनी एकदम सांगू, म्हंजे दुसरं आयकून पयलं इसरतील." मंग माज्या पाठीत धपाटा. "वाच की! पाटी चालली!"

मी वाचलं. दादा पुढं गेलाच न्हाई. तितंच बायकांच्या मागं, तंबूच्या दोरापाशी उभा ऱ्हायला. मधीच डोकं तिरकं करून एकेक अक्षर लावाया बघायचा, जमलं की सोताशीच हसायचा. कादरभाई पानी माराया आला तवा म्हनाला, तंबू हाय तवर रोज ये, तुज्या आत्याला बी फुकट. आत्या म्हनली, "आन् विठाबाईला? तिच्याबिगर गाडी कुटनं यील?" कादरभाईनं बादली खाली ठिवून कपाळाला हात लावला. "बरं, ती बी."

सकाळी दादाची मान अवघडली व्हती.

"आता काय सांगशील बोर्डिंगात?" मी इचारलं.

"सांगीन की, तेच चित्र नव्यानं बघितलं," तो म्हनाला. मंग माज्यापुढं पाटी ठिवली. जुनीच, कोपरा फुटलेली. "आता पडद्याच्या पुढच्या बाजूनं वाचायचं पण शिक. सुट्टी अजून आहे. कोणत्या हातानं लिहितेस ते मी बघणार नाही."

मी पेन्सिल डाव्या हातात घेतली. चुलीपासनं आत्यानं बघितलं, आन् भाकरी उलटली.