न मागणारा फ्रिज

खट्ट! दवाखान्याचं कुलूप उघडलं की सिस्टर सगळ्यात आधी माझं बटण दाबून बघते. खोली शांत. मीही शांत. "आजही नाही," असं पुटपुटून ती खिडक्या उघडायला जाते.

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. तुमच्या घरात असतो तसा नाही. माझ्या पोटात ना कधी दूध होतं, ना भाजी. बाळांना टोचतात त्या लसी मी सांभाळायचो. लसी भारी नाजूक. फार गारठल्या तरी वाया, तापल्या तरी वाया. तान्ह्याला जपावं तसं मी त्यांना जपलं. सिस्टर सकाळ-संध्याकाळ माझा ताप बघायची आणि दारावरच्या कागदावर लिहून ठेवायची.

मला राज्य सरकारच्या पैशांतून आणलं होतं. हा पैसा दरवर्षी राजधानीतून निघतो आणि गावोगावच्या नगरपालिकांना वाटला जातो. गावात माणसं किती आणि गेल्या वर्षी कशावर किती खर्च झाला, हे बघून वाटा ठरतो. उरलेला परत जातो. हे मला कसं ठाऊक? नगरपालिकेचे हिशेबनीस माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून चहा पीत. ऐकून ऐकून शहाणा झालो.

सहाव्या वर्षी माझ्या दाराचं रबर फाटलं. दुरुस्तीचे पैसे आलेले होते, पण सिस्टर काटकसरी. "सरकारचा पैसा काय उधळायला आहे?" म्हणत तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली. पुढच्या वर्षी पुन्हा नवी पट्टी. दोन्ही वर्षांचे पैसे तसेच्या तसे परत गेले. नगरपालिकेच्या सभेत तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. पट्टीच्या फटीतून गारवा निसटायचा आणि मी दिवसभर धापा टाकत तो भरून काढायचो. पण कुरकुर केली नाही. टाळ्यांत थोडा वाटा माझाही होता ना!

त्याच्या पुढच्या वर्षी दुरुस्तीचे पैसे आलेच नाहीत. आणि त्याच वर्षी माझा दम संपला. सिस्टरने सगळ्या लसी बर्फाच्या पेटीत भरून शेजारच्या गावच्या दवाखान्यात पोचवल्या. एकही वाया गेली नाही. परत येऊन तिने हिशेबनिसांना गाठलं.

"सिस्टर, दोन वर्षं तुमचा दुरुस्तीचा खर्च शून्य. वरच्यांना वाटलं, यांना गरजच नाही. शेजारच्यांनी बघा, वर्षात दोनदा भिंती रंगवल्या. त्यांचा वाटा वाढला."

"म्हणजे मी वाचवले, हे चुकलं माझं?"

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही हो."

"कुठली आई?" सिस्टर म्हणाली. "बाळ फार वेळ रडलं नाही, तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते."

हिशेबनिसांनी चहा खाली ठेवला आणि तिथेच बसून तिच्यासोबत अर्ज लिहिला. उत्तर आलं: पुढच्या वर्षी विचार करू.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. जे बिचारं तक्रार न करता चालतं, त्यालाही अधूनमधून विचारा, "बाबा रे, बरा आहेस ना?" ते माणूस असो, फ्रिज असो की गाव.

आज एक बाई खांद्यावर बाळ आणि हाताशी थोरली मुलगी घेऊन आली.

"लस शेजारच्या गावाला मिळेल गं," सिस्टर म्हणाली.

"दोनदा गेले हो ताई. एकदा बस चुकली, एकदा लस संपली. तारीख उलटून महिना झाला. काही होणार नाही ना बाळाला?"

"उद्या मी येते तुझ्याबरोबर. पहिली बस. आपला फ्रिज बंद आहे, काय करू? पैसे त्यांना जास्त मिळतात."

थोरलीने बाळाच्या लोंबत्या पायाला हात लावला आणि सिस्टरकडे मान वर करून पाहिलं.

"त्यांना का जास्त? तिथली बाळं आमच्या बाळापेक्षा जास्त आजारी पडतात?"