बाईंचा सातवा महिना

आमच्या परीक्षेची गाय विद्यापीठ स्थापन झालं तेव्हापासून गाभण आहे. या परक्या देशातल्या गावातलं चर्च, मनोऱ्यावरचं घड्याळ, नदीवरचा दगडी पूल, सगळं तिच्यानंतरचं. गोल सभागृहाच्या मधोमध ती उभी असते आणि भोवती लाकडी बाकं चढत जातात. तिला नाव नाही. मी मनातल्या मनात तिला बाई म्हणते.

पशुवैद्यकाच्या पदवीची ही शेवटची परीक्षा. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा, मागून हात आत घालायचा, आतड्याच्या पडद्यापलीकडचा गर्भ चाचपायचा आणि कितवा महिना ते सांगायचं. बस.

"काकू, सात सांगा आणि मोकळ्या व्हा," ऋजुता म्हणाली. ती संगमनेरची, माझ्या वर्गातली, माझ्या लेकीपेक्षा लहान. "मी सातच सांगितलं. सगळे सातच सांगतात. तुम्ही आपलं नवीन काही काढू नका, तुम्हाला सवय आहे."

माझा हात आत गेला. बाई उबदार होत्या. आधी खूर लागला, टणक. मग तोंड. पुढचे दात आलेले होते. वासराने पडद्यासकट माझं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं.

"कितवा?" प्राध्यापक लिंडनर यांनी विचारलं.

"दिवस भरलेत, सर. आजच व्यायच्यात."

बाकं हातभर पुढे सरकली. बसलेल्यांनी पाय आखडून घेतले.

"कितवा?"

"सर, दात आलेत. माझं बोट चोखतंय."

"तसं वाटतं कधीकधी. कितवा?"

मी तेच सांगितलं. बाकं आणखी पुढे आली. लोकांचे गुडघे माझ्या पाठीला टेकले. बाईंना मान सरळ ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी ती वळवून माझ्या खांद्याशी आणली. त्यांना कळ आली. माझा हात आत आवळला गेला.

"काकू, चिरडले जाऊ आपण सगळे," ऋजुता कानाशी म्हणाली. "पाया पडते तुमच्या. तिकडे घरी काका पोळ्या लाटायला शिकले तुमच्या या डिग्रीपायी. सात म्हणा ना."

"सात," मी म्हणाले.

बाकं जागेवर गेली. कळ थांबली. लिंडनर सरांनी माझा मोकळा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर." आत, माझ्या बोटाखाली, वासराचे दात एकेक करून हिरडीत परत गेले. खूर भिजलेल्या साबणासारखा मऊ झाला.

"झालं की नाही?" ऋजुता कोट चढवत म्हणाली. "चला, चहा घेऊ."

"तुला काय लागलं होतं गं आत?"

तिने कोटाची बटणं लावली. खालपासून वरपर्यंत सगळी.

"आठवत नाही, काकू."

"तू हो पुढे. अजून बोट सोडत नाहीये."

सगळे गेले. शिपायाने बाहेरून दार लावून घेतलं. चोखणं मंदावत चाललं होतं. मी हात ओढून बघितला, तो निघाला नाही.

बाईंनी मान सरळ केलीच नव्हती. त्यांनी कपाळापासून मागे माझे केस चाटायला घेतले, खरखरीत जिभेने, सावकाश, कानामागेसुद्धा, नुकतंच जन्मलेलं वासरू कोरडं करतात तसे.