दादाला दाखवायची भिंत

परदेशातल्या दादाला त्याचं घर काही मिळालं नाही. पण हे आपल्याला अजून ठाऊकच नाही, असं धरून सुरुवात करू.

दादा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बांधकाम बघायचा आणि दर रविवारी त्याचं मन बदलायचं. खिडकी डावीकडे हवी; छे, उजवीकडेच बरी. शेवटी गवंडी धाकट्या भावाला म्हणाला, "एक तर त्यांना इकडे आणा, नाहीतर मला तिकडे धाडा."

धाकट्याने तोडगा काढला. अंगणाच्या कोपऱ्यात त्याने दादाला दाखवायला एक वेगळीच भिंत उभारली. दोन वर्षं तीच रंग बदलून कधी स्वयंपाकघर झाली, कधी न्हाणीघर, कधी दादाची झोपायची खोली. दादा डोळे भरून बघायचा आणि म्हणायचा, "आता कसं जमलं!"

मग नोकरी सोडून तो कायमचा परतला. घर देखणं झालं होतं. त्यात धाकटा, त्याची बायको, सासू-सासरे आणि मेहुणा ऐसपैस राहत होते.

"माझी खोली कुठेय रे?"

"खोली कसली दादा, तुझं सगळंच वेगळं ठेवलंय," म्हणत धाकट्याने त्याला भिंतीपाशी नेलं. "तुझ्या पसंतीला आम्ही बोटसुद्धा लावलं नाही."

आई दारातूनच म्हणाली, "किती जपलंय बघ तुझं!" आणि डास येतात म्हणून तिने दार लावून घेतलं.

दादा भिंतीला टेकून बॅगेवर बसला आणि त्याने नगरपालिकेला अर्ज लिहिला: "सदर भिंतीच्या ज्या बाजूस अर्जदार बसला आहे, ती बाजू 'आत' असल्याचे घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती."