तिरप्या टोपीचं स्थळ

निजामाचं राज्य हैदराबादेत असंल, आमच्या गोरेगावच्या घरात राज्य खानदानाचं होतं. माझे दादा, म्हंजे वडील, रामकिशन, जेवतानाबी खानदानच चघळायचे. त्यापायी माझी दोन-चार स्थळं मोडली. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

मग पुसेगावचा संतराम मला पाहायला आला. हिंगोलीला इंग्रजी शिकलेला. दाराच्या फटीतून मी त्याला पाहिलं आन् ठरवून टाकलं, करीन तर ह्योच.

त्याची टोपी मात्र एका कानावर कललेली. दादांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "टोपी सरळ ठिवता येत न्हाई का?"

"येती की मामा," संतराम हसत म्हणाला. "पण अशा हसऱ्या ऐटीला इंग्रजीत शब्द हाये, जॉन्टी. मास्तर म्हणतात, मूळचा तो फ्रेंचांचा. तिकडं त्याचा अर्थ व्हता खानदानी. इंग्रजाच्या घरी येस्तोवर खानदान गळालं, ऐट तेवढी उरली."

"तुमचंबी तसंच झालेलं दिसतंय," दादा म्हणाले. शब्द आदराचे होते, आवाजात चपला होत्या.

आमच्याकडं रीत अशी, की पोरगी पाटावर बसली की वरपक्षानं तिला घराणं विचारायचं आन् तिनं चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. दादांनी मला पढवून ठेवलं होतं: आजा ग्यानबा पाटील, जहागीरदाराच्या पंगतीला बसणारे. ते ऐकून पुसेगावकर आपसूक उठतील, हा त्यांचा डाव.

संतरामच्या आत्यानं, चतुराबाईनं, विचारलं, "पोरी, तुझे आजे कोण? काय करायचे?"

माझं डोकं फिरलं होतं. नटूनथटून बसायचं मी, आन् स्थळ मोडायचं यांनी.

"आजा ग्यानबा," मी म्हणलं. "कुरुंद्याहून आले तवा अंगातला कोट मागून आणलेला, घोडं दुसऱ्याचं. पण डोईला रुमाल तिरपा बांधून असे हसत गावात शिरले, की लोकांना वाटलं, कुणी मोठा माणूस येऊन राहिला. गावानं ओट्यावर बसवलं, जमीन दिली, पोरगी दिली. ती पोरगी म्हंजे माझी आजी, तिनंच मला सांगितलं. तुमच्या त्या शब्दाचं खानदान गळून ऐट उरली. आमच्याकडं ऐट आधी आली, खानदान मागून."

बैठकीत तोंडातलं पान चावायचं सारे विसरले. आता दादा मला उचलून आत टाकतात, असं मला वाटलं.

दादांचा हात डोक्यावरच्या रुमालाकडं गेला. तो डाव्या कानावर कललेला होता. आजा गेल्यापासून ते तसाच बांधायचे, बराबर आज्यासारखा. सरळ करायला त्यांनी बोटं लावली आन् तशीच खाली घेतली.

"अडकित्ता आणा," ते म्हणाले. सुपारी फुटली, लगीन ठरलं.

उठताना माझ्या कानाशी आले. "द्वारके, हे सासरी बोलू नको."

"दादा," मी म्हणलं, "सासर इथंच बसलंय."