साक्षीची बाटली

जीपमधून उतरलेली पोर नखशिखान्त भिजली होती, आणि तिच्या हातातली पेटी मात्र सुती चादरीत गुंडाळलेली. श्रावणातला वेल्ह्याकडचा पाऊस, वर रेनकोट नाही, छत्री नाही. ओट्यावर बसलेल्या कोंडिबांना राहवलं नाही.

"अगं पोरी, सरकार पगार देतं ना? मग एक रेनकोट घ्यायला काय झालं?"

"काका, त्याच्याच मागावर आलेय मी," ती हसत म्हणाली. "रेनकोटवरनं पाणी ज्यानं घसरतं ना, तेच तुमच्या विहिरीत आहे का बघायचंय. मीच ते अंगावर घालून आले तर काय कळणार?"

ही नसरीन. भोरच्या फारूक शिंप्यांची लेक, पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सहा साली, वाडीच्या वरच्या अंगाला रेनकोटच्या कापडाला थर देणारा कारखाना आला. त्याचं धुवण ओढ्यात, आणि ओढ्याला लागून वाडीची विहीर. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. पण कोंडिबांची सून सोनिया तीन महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजत होती. आईनं प्यालेलं बाळात उतरतं, एवढं तिला कुणी तरी सांगितलं, आणि तेव्हापासून हंडा उचलताना तिचा हात अडखळायचा. विहिरीचं पाणी तपासा, असा तालुक्याला अर्ज तिनंच केला होता.

नसरीननं विहिरीचं पाणी भरलं, मग डोंगरातल्या झऱ्याचं. काम करावं तर असं! कोंडिबा गावच्या भजनातले टाळकरी, पंचवीस गावची कीर्तनं ऐकलेला माणूस. बुवा उभे राहिले की पहिल्या आलापातच त्यांना कळायचं, हा मनापासून गाणार की उरकणार. ही पोर उरकणारी नव्हती. दर बाटलीला नवे हातमोजे, दर बाटलीची वहीत नोंद.

काम झाल्यावर कोंडिबांच्या बायकोनं, रतनबाईंनी, तिला आत भाकरी खायला बसवलं. पेटी ओट्यावरच राहिली. कोंडिबांनी सहज डोकावलं, तर सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या आणि एकच चार बोटं उणी. त्यांच्या घरची रीत अशी, की पाहुण्याचं भांडं उणं परत जात नाही. कुणी वाटीतून लोणचं आणलं तर वाटीत निदान मूठभर पोहे तरी घालून द्यायचे. लेकीची बाटली उणी कशी जाऊ द्यायची? त्यांनी घरातल्या हंड्यातलं विहिरीचं पाणी घेतलं, बाटली इतरांइतकी भरली आणि झाकण नीट लावलं. नसरीननं बाहेर येऊन पेटीला चिकटपट्टी लावली आणि ती जीपनं गेली. कोंडिबांना बरं वाटलं.

दिवेलागणीला सोनिया तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मामंजी, त्या ताईंची एक गंमत बघितलीत का? एक बाटली त्या पुण्यासनं घेऊन आल्या होत्या, शुद्ध पाण्याची. विहिरीपाशी नुसती उघडली, दुसऱ्या बाटलीत ओतली. त्या म्हणल्या, ही साक्षीदार. हिच्यात काय निघालं तर घाण माझ्या हातानं लागली म्हणायची. मग विहिरीबद्दल मी एक शब्द बोलायचा न्हाई."

कोंडिबांच्या हातातला टाळ मांडीवर पडला.

"ती... जराशी उणी होती, तीच का गं?"

"व्हय. तुमाला काय ठावं?"

त्या रात्री देवळात कीर्तन होतं. बुवा गोड गळ्याचे, पण कोंडिबांना एक अक्षर ऐकू आलं नाही. बुवा साक्षी परमेश्वराबद्दल बोलत होते आणि यांना समोर दिसत होती ती बाटली. पंधरा दिवसांनी तालुक्याला सुनावणी. कारखान्याचा माणूस म्हणणार, पोरीचे हात घाण, विहीर चांगली. आणि आईच्या दुधातनं बाळाच्या पोटात तेच पाणी जात राहणार, त्याच्या आजोबाच्या पाहुणचारामुळं.

"जाऊ द्या की," रतनबाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय न्हवं!"

सकाळी पहिल्या जीपनं ते नसरापूरला आले, तिथून एसटीनं भोरला, नसरीन रात्री मुक्कामी होती त्या तिच्या वडिलांच्या घरी. नसरीन पेटी घेऊन पुण्याला निघण्याच्या तयारीत, फारूकभाई मशिनीवर. कोंडिबांनी चहाला हात न लावता उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

नसरीननं पेटी खाली ठेवली. मग तिनं वही उघडली आणि कालच्या पानावर एक सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी.

"माझं नाव लिव," कोंडिबा म्हणाले. "कोंडिबा. टाळकरी म्हणूनसुदिक लिव, सगळ्यांना कळू दे."

"तुमचं का? पेटी डोळ्याआड मी केली." आणि तिनं लिहिलंही तसंच: पेटी लक्षाबाहेर राहिली, साक्षीच्या बाटलीत पाणी मिसळलं, सर्व नमुने रद्द. खाली सही. "चला काका. पहिल्यापासनं. कोऱ्या बाटल्या, शुद्ध पाणी जादाचं आणलंय मी."

"एवढ्या पावसात?"

"पाऊस कुठं थांबतोय!"

वाडीत पोचल्यावर कोंडिबा माळ्यावर चढले आणि त्यांनी जुनं इरलं खाली काढलं. बांबूच्या कामट्या, पळसाची पानं. हल्ली सगळी प्लॅस्टिकचा कागद पांघरतात, इरल्याला कोण विचारतो? नसरीननं ते उलटसुलट पाहिलं, हुंगलंसुद्धा.

"ह्याला कुठला थर?"

"धुराचा! चुलीवरच टांगलेलं असतंय."

"मग चालतंय."

डोक्यावर इरलं घेऊन ती विहिरीपाशी वाकली, तेव्हा रतनबाई पदर तोंडाला लावून हसल्या, "आता शोभतीस आमच्या घरची." ह्या वेळी तिनं दर बाटलीवर जागच्या जागी कागदी पट्टी चिकटवून सही केली. कोंडिबा चार हात लांब, हात पाठीमागं बांधून उभे होते.

सुनावणीला कारखान्याचा माणूस कागद घेऊनच आला होता. "साहेब, ह्या बाईंनी स्वतःच कबूल केलंय, नमुने बिघडले होते. आणि ह्या पदार्थाला आपल्याकडं मर्यादाच ठरलेली नाही. मग आम्ही मोडलं काय?"

नसरीन उभी राहिली. "पहिले नमुने बिघडले, ते खरं. दुसऱ्या खेपेची साक्षीची बाटली कोरी निघाली, झराही कोरा निघाला. विहिरीत सापडलं. किती अपाय होतो ते मला ठाऊक नाही, आणि नाही ते मी सांगणार नाही. पण हे कुजत नाही, उन्हानं जात नाही, उकळून जात नाही. आज जेवढं पडेल तेवढं उद्या असणारच. मर्यादा ठरेपर्यंत ते बाळ थांबेल का, एवढंच तुम्ही ठरवा."

कोंडिबा पुढं सरकून ऐकत होते. पदरचं एक अक्षर नाही, जे नाही कळत तेही उघड सांगायचं! किती तरी बुवांना हे जमलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वहीतलं ते रेघ मारलेलं पान दोनदा वाचलं. "स्वतःची चूक सहीनिशी लिहिणाऱ्याचा आकडा मी मानतो," ते म्हणाले. हुकूम झाला: विहिरीचं पाणी प्यायला बंद, झऱ्यावरनं नळ, आणि पुढची तपासणी होईपर्यंत कारखान्याचं धुवण ओढ्यात सोडायचं नाही.

दिवाळीनंतर नसरीन पुन्हा पाणी तपासायला आली. सोनियानं नळाचा तांब्या पुढं केला, या खेपेला हात न अडखळता. बाळ ओट्यावर पालथं पडून तिच्या पेटीकडं सरकत होतं.

"आवरा त्याला," कोंडिबा ओरडले, "आजोबावर गेलंय!"

निघताना रतनबाईंनी नव्या तांदळाची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, अगदी तोंडापर्यंत भरून.

"आणि बाटल्या?" नसरीननं डोळे मिचकावले.

"त्या उण्याच ऱ्हाऊ देत, माझे आई," कोंडिबांनी हात जोडले.